दुकानातला जुना टॉय ट्रेन लेआउट दुरुस्त करताना या चुका टाळा

लायनेल या खेळण्यातल्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीची पहिली गाडी मुलांसाठी नव्हतीच. १९००च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायनेल कोवेन यांनी ती दुकानाच्या काचेमागे फिरवण्यासाठी केली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी थबकावं आणि आतला माल पाहावा, एवढाच हेतू. गिऱ्हाइकं मात्र माल सोडून गाडीचीच किंमत विचारू लागली, असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. नाताळच्या आधी दुकानांतून प्लायवूडचे टेबल लागायचे. त्यावर हिरव्या रंगवलेल्या भुशाची हिरवळ, तीन रुळांचे वळसे, फाटक, सिग्नल, गुरांचा गोठा आणि कडेला पोरांनी दाबायची बटणं. काही टेबल कंपनीकडून तयार यायचे, काही दुकानातलाच कोणी हरहुन्नरी माणूस जमवायचा.

आता हे टेबल अमेरिकेतल्या तळघरांतून, पोटमाळ्यांवरून आणि गराज सेलमधून बाहेर पडतात. लायनेलचा कारखाना होता न्यू जर्सीतल्या हिलसाइडला. एडिसन-इसेलिनकडच्या मराठी घरांपासून ते काही लांब नाही, त्यामुळे एखाद्या शनिवारी असा टेबल आपल्यासमोर आला तर नवल नाही. हौसेला मोल नसतं हे खरं, पण सत्तर वर्षांत झालं नाही तेवढं नुकसान दुरुस्तीच्या पहिल्या दोन दिवसांत होतं. एकच गोष्ट धरून चाला. असा लेआउट, म्हणजे रूळ-फाटकांसकट मांडलेला हा टेबल, नुसते सुटे रूळ आणि डबे नव्हेत. टेबलाचा रंग, खालच्या वायरी, बटणांशेजारच्या पट्ट्या, आता रिकामी दिसणारी भोकं, हे सगळं मिळून ती वस्तू आहे.

घरी आणल्याबरोबर प्लग लावणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक. त्या काळच्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरीवरचं रबर आता कडक होऊन तडकलेलं असतं. वाकवलं की तुकडे पडतात आणि ११५ व्होल्टची उघडी तार हाताशी येते. आधी ती वायर बदला. आतला सर्किट ब्रेकर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो उष्णतेवर चालतो आणि शॉर्ट झाल्यावर सावकाश उडतो, तोवर टेबलाखालची बारीक वायर जळून गेलेली असते. ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक वाटेवर झटकन उडणारा फ्यूज घाला. झेडडब्ल्यू हा २७५ वॉटचा मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तर दहा अँपिअरचा चालतो.

मोठ्या टेबलावर बहुधा एकाहून जास्त ट्रान्सफॉर्मर असतात आणि इथेच भलेभले फसतात. जुन्या प्लगच्या दोन्ही पात्या सारख्याच, त्यामुळे तो कसाही घुसतो. एक सुलटा आणि दुसरा उलटा लागला, तर गाडी एका वळशावरून दुसऱ्यावर जाताना दोघांचे व्होल्ट एकमेकांत मिसळून १८ चे ३६ होतात आणि ठिणग्या उडतात. तपासायला वेळ लागत नाही. दोन्ही ट्रान्सफॉर्मरची सामाईक (कॉमन) टोकं, म्हणजे वीज परत येण्याची टोकं, जोडा, दोन्ही हँडल सारख्या व्होल्टवर ठेवा आणि मल्टिमीटर एसीवर लावून उरलेल्या दोन टोकांमध्ये धरा. काटा शून्याजवळ असेल तर ठीक. दुप्पट आकडा दिसला तर एक प्लग उलटा करा आणि प्लग-सॉकेट दोन्हींवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, म्हणजे पुढच्या वेळी प्रश्न नको. झेडडब्ल्यूवर ‘यू’ हे टोक सामाईक असतं. छोट्या मॉडेलांत अक्षरांचा अर्थ बदलतो, तेव्हा त्या त्या मॉडेलची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय हात घालू नका.

नकाशा न काढता वायरी उपटणं

टेबल उलटा केला की खाली वायरींचं जंगल दिसतं आणि सगळं कापून नव्याने करावंसं वाटतं. थांबा. आधी फोटो, मग प्रत्येक टोकाला चिठ्ठी, मग कागदावर आकृती. हे झाल्यावर खराब तेवढीच वायर बदला, तीही शक्यतो जुन्या रंगाची. वरचं कुठलं बटण काय करत होतं, हे सांगणारा तो एकच पुरावा असतो. एकदा कापला की अंदाजपंचे दाहोदरसे.

रूळ चकचकीत करण्याचा सोस

लायनेलचे रूळ कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे. पॉलिश पेपर मारला की मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळी हवेत गंज चढतो. स्टील वूल तर अजिबात नको. त्याचे बारीक तंतू मोटरमध्ये जातात, आणि १९५० पासूनच्या मॅग्नेट्रॅक्शनच्या इंजिनांची चाकं लोहचुंबकाने भारलेली असल्यामुळे ती हे तंतू ओढूनच घेतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती फडकं पुरतं. पाणी टाळा, कारण मधल्या रुळाखालचा इन्सुलेशनचा पट्टा पुठ्ठ्यासारख्या फायबरचा असतो.

टेबलाच्या एका टोकाला गाडी मंदावते, अशी तक्रार नेहमीची. लोक लगेच मोटर उघडतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दोष बहुतेक वेळा सांध्यांवरच्या ढिल्या पिनांचा असतो. रुळाचं तोंड पकडीने हलकेच दाबा, पिन घट्ट बसवा आणि लांबच्या भागाला खालून आणखी एक वायर द्या.

एक साधा रूळ बदलला आणि फाटक बिघडलं

हा भाग नीट समजून घ्या, कारण डिस्प्ले लेआउटची गंमत इथेच आहे. तीन रुळांपैकी मधल्यातून वीज येते, बाहेरचे दोन्ही सामाईक, म्हणजे तिच्या परतीच्या वाटेचे. त्यातला एखादा तुकडा मुद्दाम इन्सुलेट केलेला असतो. गाडी त्यावर आली की चाक आणि अक्ष दोन्ही बाजू जोडतात, फाटक खाली येतं, दिवा लागतो किंवा खोपीतून कंदील घेतलेला फाटकवाला बाहेर येतो. तो तुकडा गंजला म्हणून त्याजागी साधा रूळ बसवला, तर गाडी नसतानाही फाटकवाला बाहेरच उभा राहतो आणि त्याची कॉइल तापते.

दुसरी पद्धत वजनाची. रुळाखाली एक छोटी स्विच-पट्टी असते. गाडीच्या वजनाने रूळ किंचित दबला की संपर्क जुळतो, संवेदनशीलता नटाने कमी-जास्त होते. उत्साही मंडळी दुरुस्तीत सगळे रूळ स्क्रूने करकचून आवळतात. मग रूळ दबतच नाही, सिग्नल मुका होतो आणि खापर सिग्नलवर फुटतं. त्या पट्टीच्या आसपासचे स्क्रू ढिले ठेवायचे असतात.

हीच गोष्ट ०२२ क्रमांकाच्या, विजेवर चालणाऱ्या आणि गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांची. गाडी आली की ते आपोआप तिच्या बाजूला वळतात, पण त्यासाठी ठरावीक टोकांना लोखंडी नव्हे तर फायबरच्या पिना लागतात. तिथे लोखंडी पिन गेली तर सांधा अखंड गुणगुणतो आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. गुणगुणणारा सांधा दिसला की पहिली नजर पिनेवर.

‘इंजिन मेलं’ म्हणून घाई करणं

लायनेलच्या बहुतेक इंजिनांत ई-युनिट नावाची, गाडीची दिशा उलटवणारी यंत्रणा असते. वीज तुटून परत आली की क्रम पुढे सरकतो: पुढे, थांबा, मागे, थांबा. म्हणजे इंजिन नुसतं ‘थांबा’वर असेल, किंवा वरचा छोटा दांडा कोणी सरकवून ते तिथेच अडकवलं असेल. दांडा हलवा, वीज दोनदा तोडून पाहा. नाहीच हललं तर ई-युनिटचा ड्रम कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. त्यावर तेल घालू नका. तेल फक्त अक्षांच्या बेअरिंगला, तेही सुईच्या टोकाएवढं. कम्युटेटरवर, म्हणजे मोटरमधल्या फिरत्या संपर्काच्या भागावर, तेल गेलं की धूळ चिकटून काळा चिखल होतो.

गुरांच्या गोठ्यातली जनावरं अडत असतील तर लोक व्होल्टेज वाढवतात. उलट करायचं असतं. ती कंपनावर चालतात. व्होल्टेज हळूहळू कमी करत आणा, गोठा पातळीत आहे ना ते पाहा. एका ठरावीक वेगाला गुरं अचानक शहाण्यासारखी रांगेत चालू लागतात. ते बघण्यात जी मजा आहे ती नव्या डिजिटल गाड्यांत मला तरी सापडलेली नाही.

हिरवळ आणि रंग

भुशाची हिरवळ ओल्या फडक्याने पुसायची नाही. जुना रंग आणि सरस पाण्याने सुटतात. व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ मोजा बांधा आणि वरवर फिरवा. कुठलंही द्रव आधी कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी वापरून बघा. रंग उडाला असेल तर उडालेल्या जागेपुरताच भरा. कोरडा पॉलिश पेपर चालवायचा नाही, त्या काळच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे आणि ती धूळ घरातल्या पोरांच्या पोटात जाते. बदललेले मूळ भाग पिशवीत घालून टेबलासोबतच ठेवा.

भारतात आणताना

असा टेबल मुंबई-पुण्याला आणायचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार हे उघड आहे. इथला वीजपुरवठा २३० व्होल्टचा. पण बहुतेक जण फ्रीक्वेन्सी विसरतात. हे ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बनलेले, आपल्याकडे ५०. तेवढ्याच व्होल्टेजला लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व सुमारे वीस टक्के वाढतं आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. म्हणून ११० किंवा ११५ ऐवजी १०० व्होल्ट देणारा स्टेप-डाउन घ्या. गाडी थोडी हळू धावेल, चालतं. पहिल्यांदा सगळे दिवे आणि फाटकं बंद ठेवून एकच इंजिन अर्धा तास फिरवा आणि ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला हात लावून पाहा. हात टेकवत नसेल इतकी पेटी तापली, तर भार कमी करा किंवा आतली कॉइल तपासून घ्या.