वॉर्डातून कॅज्युअल्टीत बदली झालेल्या सिस्टरांसाठी

मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर जिल्हा रुग्णालयातच माझी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, बदली झाली. "तुम्ही जुन्या, तुम्हाला काय अवघड," असं सगळ्यांनी ऐकवलं. सुई लावणं, सलाईन, इंजेक्शनं यात खरंच काही अवघड नव्हतं. आड आली ती वॉर्डातली शिस्त.

वॉर्डात हातातलं काम पुरं करून, नोंद करून मगच पुढच्या बेडकडे जायची सवय असते. इथे अर्धं ड्रेसिंग झाकून उठावं लागतं, कारण बाजूच्या स्ट्रेचरवरच्या माणसाचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरलेलं असतं. बोंबलणाऱ्याचा श्वास निदान चालू आहे हे कळतं. कोपऱ्यात गप्प पडलेल्याकडे आधी जा.

वॉर्डात पेशंट निदान घेऊन वर येतो. कॅज्युअल्टीत तो नुसता "चक्कर आली" किंवा "ॲसिडिटी झाली" एवढंच सांगतो. मधुमेही पेशंटची ॲसिडिटी तर मी कधीच ॲसिडिटी मानत नाही, तो हार्ट अटॅक असू शकतो. असं काही असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे. बेशुद्ध पेशंटची शुगर लगेच बघायची, दारूचा वास येत असला तरी. केसपेपर निघेपर्यंत थांबायचं नाही.

आमच्याकडे पाऊस सुरू झाला की साप आणि फवारणीची औषधं, याच केसेस जास्त. साप चावलेल्या पेशंटचं 2 मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी 20 मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर ते गोठत नाहीये, म्हणजे घोणस किंवा फुरसं असण्याची शक्यता मोठी. प्लास्टिकची नळी चालत नाही. वापरलेली नळी मामांनी (वॉर्डबॉयने) प्रेमाने साबणाने धुऊन ठेवली असेल तर तीही चालत नाही, निकाल चुकतो. त्यामुळे कोऱ्या नळ्या वेगळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावा.

नाग-मण्यारीच्या चाव्यात मात्र हे रक्त बहुधा नीट गोठतं आणि आपण गाफील राहतो. तिथे पापण्यांवर लक्ष ठेवा, गिळता येतंय का ते विचारा. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून आला आणि पापण्या जड झाल्या असतील, तर अंगावर खूण नसली तरी मण्यारीचा संशय डॉक्टरांच्या कानावर घाला. प्रतिविषाची रिॲक्शन आली तर लागतं म्हणून ते सुरू करण्याआधी ॲड्रेनॅलिन भरून हाताशी हवं.

कीटकनाशक प्यायलेल्याचे कपडे आधी काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, तेही हातमोजे घालून. नातेवाइकांपैकी एकाला बाटली आणायला पिटाळा. त्याला काम मिळतं, तुम्हाला विषाचं नाव मिळतं.

लिहिण्याबद्दल. एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस) म्हटली की तुमची नोंद पुढेमागे कोर्टात वाचली जाऊ शकते. "दारू प्यायलेला होता" असं न लिहिता "तोंडाला दारूसारखा वास" असं लिहा. प्रत्येक नोंदीपुढे वेळ टाका. मारामारीतले, अपघातातले कपडे कापावे लागले तर भोकावरून, फाटल्या जागेवरून कापू नका. ते जपून ठेवून पोलिसांच्या ताब्यात द्यायचे असतात. घाईत तोंडी ऑर्डर मिळाली तर औषध आणि डोस मोठ्याने परत म्हणून मगच द्या. डॉक्टर वयाने लहान असोत की मोठे, यात भीड नको. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. (बाकीच्यांना येतो, येऊ दे.)

ड्युटीवर आलात की चहाच्या आधी लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा दाखवणाऱ्या उपकरणाचा) दिवा लावून बघा, घशातला स्राव ओढणारं सक्शन चालू करून बघा, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघा. रजिस्टरमध्ये आधीच्या पाळीची टिक आहे म्हणून सोडू नका.

आणि जुन्या म्हणून तुम्हाला मान देऊन इंजेक्शन रूममध्ये बसवतील. तिथे आराम आहे, पण शिकायला काही नाही. इंचार्ज सिस्टरांना सांगून सुरुवातीच्याच पाळ्या लाल झोनमध्ये (अत्यवस्थ पेशंटच्या जागी), तिथे मुरलेल्या सिस्टरबरोबर लावून घ्या, मग ती तुमच्याहून कितीही लहान असो.