गेमिंगच्या पुस्तकांसाठी स्वस्त आणि दणकट रॅक
रत्नागिरीच्या पावसाळ्यात पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) कपाट फुगतंच, त्यात माझी रोलप्लेइंग गेमची (पात्रं घेऊन गोष्ट रंगवत खेळायच्या खेळांची) पुस्तकं ए-फोर साइजची, जाड पुठ्ठ्याची, आर्ट पेपरवाली, वजनाला जाम भारी, मधली फळी पार वाकलेली. शेवटी गोडाऊनमध्ये असतो तसला स्लॉटेड अँगलचा (ओळीनं भोकं असलेल्या एल आकाराच्या पट्ट्यांचा) लोखंडी रॅक घेतला. फळ्या १८ गेजच्याच मागा, २२ गेज स्वस्त पडतं पण पत्रा पातळ, आणि रुंदी ३ फुटांच्या वर नकोच. कोपऱ्यांना त्रिकोणी प्लेटा हव्यातच, नाहीतर रॅक डुलतो. खाऱ्या हवेनं भोकांच्या कडा आधी गंजतात, तिथे रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल प्रायमरचा, हात मारला, वरून ऑइल पेंट. चिऱ्याच्या भिंतीला ओल येते म्हणून रॅक चार बोटं पुढे ठेवलाय. पुस्तकं गच्च कोंबू नका हां, हवा खेळली की बुरशी कमी धरते.