वॉर्डातला डेंग्यू कुठून कुठे चाललाय, हे कसं शोधावं

दवाखाने, लॅब आणि पालिकेच्या आरोग्य केंद्रांच्या याद्या रोज एकत्र करा. वय आणि मोबाइल नंबर जुळवून दुबार नावं काढा.

खरी फसगत तारखेत होते. ताप सोमवारी येतो, माणूस गुरुवारी दवाखान्यात जातो, रिपोर्ट शनिवारी मिळतो आणि यादीत नाव येतं पुढच्या मंगळवारी. रिपोर्टच्या तारखेवर आलेख काढलात तर साथ दिसत नाही, लॅबचं कामकाज दिसतं. म्हणून फोन करून ताप कधी चढला ते विचारा आणि तीच तारीख लावा. पहिल्या पाच दिवसांतल्या तापाला एनएसवन चाचणी, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधणारी. त्यानंतर आयजीएम एलायझा, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी. पण आयजीएम दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे अलीकडे ताप नसेल तर तो रुग्ण नवा धरू नका. शेवटच्या आठवड्याचे आकडे नेहमी उतरलेले दिसतात, कारण रिपोर्ट अजून वाटेत असतात. तो भाग तुटक रेषेने काढा. गणपतीत तर जास्तच सांभाळा: अर्धी चाळ कोकणात असते, आणि ‘साथ ओसरली’ म्हणणाऱ्यांना तेवढं निमित्त पुरतं.

पत्त्याचंही तसंच. केईएममध्ये दाखल झालेला प्रत्येक जण परळचा नसतो; विरारचा रुग्ण लवकर बेड मिळावा म्हणून मावशीचा पत्ता देतो. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि लक्षणं साधारण ४ ते १० दिवसांनी दिसतात. तेव्हा ‘राहता कुठे?’ एवढ्यावर थांबू नका. ताप येण्याआधीच्या दोन आठवड्यांत दिवसभर कुठे होता, बाहेरगावी गेला होता का, हेही विचारा. घरं विखुरलेली पण कामाची जागा एकच, समजा एखादं बांधकाम, असं निघालं तर आधी त्या बांधकामावर जा. ‘पिंपळाजवळची तिसरी गल्ली’ नकाशावर सापडत नाही. आरोग्य सेविकेला विचारा.

मग नकाशावर प्रत्येक रुग्णाचा ठिपका लावा. दोन आठवड्यांत दोनशे मीटरच्या आत दोन ठिपके पडले की तिथे पाणी तपासायला निघा: पिंपं, कुंडीखालच्या थाळ्या, फ्रिजमागचा ट्रे, पावसाळी ताडपत्रीच्या घड्या, गच्चीवरचे टायर. १०० घरांमागे अळ्या असलेली किती भांडी सापडली ते मोजा. यालाच ब्रेटो इंडेक्स म्हणतात. नुसती घरं मोजू नका, एकाच घरात पाच पिंपं निघतात.

धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या नाही. पाणी तपासायची पुढची फेरी आठवड्याच्या आत, त्याच घरांना.