कार्डाला दोष देण्याआधी कॅबिनेट उघडा: जुन्या गेमिंग पीसीबाबत या चुका टाळा

मागच्या दिवाळीत बहिणीकडे सांगलीला गेलो, तर भाचा दारातच अडवून उभा. "मामा, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं तरी गेम अडकतोय. दुकानवाला म्हणतो, आता प्रोसेसर बदला." फराळ राहिला बाजूला. टेबलाखाली वाकून कॅबिनेटच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारला. मॉनिटरची एचडीएमआय केबल वर, मदरबोर्डच्या पोर्टात. खाली नवंकोरं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर काढणारा भाग, पोर्टांवरची प्लास्टिकची टोपणंसुद्धा जागच्या जागी. दोन आठवडे पोरगा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळत होता आणि शिव्या खात होतं ते बिचारं कार्ड.

मी हसलो, तेवढ्यात बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू बारावीत असताना काय दिवे लावले होतेस, सांगू का त्याला?"

नको. मीच सांगतो.

स्लॉट न बघता कार्ड आणणं

२००६ साली मुंबईला जाणाऱ्या चुलतभावाला मी लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणायला सांगितलं. बजेट सांगितलं, मॉडेल सांगितलं, आपल्या मदरबोर्डवर स्लॉट कुठला आहे ते मात्र बघितलंच नव्हतं. माझा बोर्ड एजीपी या जुन्या पद्धतीचा, चॉकलेटी स्लॉटवाला. कार्ड आलं पीसीआय एक्सप्रेस या नव्या पद्धतीचं, म्हणजे माझ्या स्लॉटात न बसणारं. २००४ पासून बाजार तिकडे वळला होता, आणि त्या दिवसांत एकाच नावाचं कार्ड दोन्ही प्रकारांत मिळायचं. भावाची काहीच चूक नव्हती.

आता स्लॉटचा प्रकार एकच, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण २०२२ मधलं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बघा. स्लॉट लांबलचक असला तरी ते त्यातल्या चारच लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, वापरतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते चालून जातं. जुन्या ३.० च्या बोर्डावर रस्ता निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम ठेचकाळायला लागतो. म्हणजे स्वस्तातलं कार्ड ज्या जुन्या पीसीवाल्यांनी घ्यावं, त्यांनाच त्याचा सगळ्यात जास्त फटका.

नुसता जीबीचा आकडा बघणं

कार्डातच खोट असेल, तर ती बहुतेक वेळा विकत घेतानाच पदरात पडलेली असते. "४ जीबीचं आहे" एवढंच ऐकून कार्ड घेणारे आजही आहेत. मेमरी किती यापेक्षा ती कोणत्या जातीची आणि तिचा बस, म्हणजे डेटा आतबाहेर जायचा रस्ता, किती रुंद हे आधी विचारा. टाकी हजार लिटरची, पण नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली कधी भरणार?

उदाहरण जीटी ७३० या कार्डाचं. ६४ बिट बसवरच त्याचे दोन अवतार आले. जीडीडीआर५ जातीच्या मेमरीवालं सेकंदाला ४० जीबी डेटा हलवतं, डीडीआर३ वालं १४.४ जीबी. नाव तेच! जीटी १०३० मध्येही तीच गत: जीडीडीआर५ ला ४८, नंतर आलेल्या डीडीआर४ ला १६.८.

नावातल्या आकड्याचंही तसंच. २००२ चं जीफोर्स४ एमएक्स हे कार्ड नावाने चौथ्या पिढीचं, पण आतून जीफोर्स२ च्या घराण्यातलं. पिक्सेल शेडर, म्हणजे चित्राच्या एकेका ठिपक्याचा रंग ठरवणारी सोय, त्यात नव्हताच. त्यामुळे पुढच्या एकदोन वर्षांत असे गेम आले जे जीफोर्स३ वर चालायचे आणि या "चार"वर सुरूच व्हायचे नाहीत.

सेकंडहँड घेत असाल तर जीपीयू-झेड हा फुकटातला प्रोग्रॅम विकणाऱ्यासमोर चालवा. जुन्या जीटीएस ४५०, जीटीएक्स ५५० टीआयवर बायोस, म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्रॅम, बदलून "१०५० टीआय" म्हणून खपवलेली कार्डं तो ओळखतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग, म्हणजे कार्डं रात्रंदिवस राबवून ते डिजिटल चलन कमावणं, बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा लोंढा आला. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही, पण पंखे हाताने फिरवून बघा, आणि पंधरावीस मिनिटं गेम चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.

सगळं सोडून विंडोज फॉरमॅट मारणं

पीसी सुरू केला की तारीख दर वेळी मागे गेलेली आणि ब्राउझरमध्ये एकही साइट धड उघडत नाही? व्हायरस नाही, मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपलीय. एवढ्यासाठी फॉरमॅट मारलेला माणूस मी पाहिलाय. आरशात.

डिस्प्ले येत नसेल तर रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. पावसाळा संपल्यावर निम्मी "मेलेली" कार्डं एवढ्यावर जिवंत होतात. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचे व्हिडिओ मात्र बघून सोडून द्या. चाललंच तर चार दिवस चालतं, आणि नंतर त्याच ओव्हनमध्ये नानकटाई करायची असते.

धूळ काढताना ब्लोअर लावाल तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलात तर तो भिंगरीसारखा पळतो, बेअरिंग जातं, आणि उलटा तयार झालेला करंट बोर्डात शिरण्याची भीती असते.

एसएमपीएसवरचा मोठा आकडा खरा मानणं

यावर मी सगळ्यात जास्त पैसे घालवलेत. कॅबिनेटसोबत आलेला, नाव कधी न ऐकलेला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, वर ठळक "४५० वॅट". कार्डाला सहा पिनची वायर हवी होती, ती त्यात नव्हती, म्हणून मी साध्या चार पिनच्या वायरवरून कन्व्हर्टर जोडला. ब्राउझर, सिनेमा, सगळं व्यवस्थित. गेम सुरू केला की दहाव्या मिनिटाला टक् करून अंधार. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. मी तीन वेळा ड्रायव्हर बदलले, कार्ड दुकानात दाखवून आणलं. चौथ्या दिवशी जळक्या रबरासारखा वास आला आणि एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.

हिशोब साधा आहे. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनमधून आणखी ७५, आठ पिनमधून १५०. म्हणूनच जुन्या पीसीसाठी वेगळी वायर न मागणारं जीटीएक्स १०५० टीआय एवढं खपलं. एसएमपीएसच्या स्टिकरवर +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथल्या अँपिअरला १२ ने गुणा. तिथे १६ असेल तर हातात १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनी मिळून त्यातच भागवायचं. बाकी वॅट फक्त स्टिकरवर.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. तो कुठल्याच कार्डाचा दोष नाही.

हे सगळं सांगून झालं तेव्हा केबल कार्डाच्या पोर्टात गेली होती आणि भाच्याचा गेम लोण्यासारखा चालला होता. मी चकली तोंडात टाकली, तेवढ्यात तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "मामा, मित्राकडे आठ पिनवालं कार्ड पडून आहे. बसेल ना आपल्यात?"

मी त्याच्या हातात टॉर्च दिला आणि स्टिकर वाचायला टेबलाखाली पाठवला.

"बारा व्होल्टपुढे चौदा लिहिलंय," खालून आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. पोरगा गुणाकार करत होता.