लूप लिहिण्याआधी तो कुठे थांबणार हे ठरवावे

प्रोग्रामिंग नुकतेच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला व्हेरिएबल (म्हणजे किंमत साठवून ठेवणारे नाव) आणि अट या कल्पना सहसा लवकर उमगतात; गाडी अडते ती लूपपाशी. त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा पार पाडणे म्हणजे लूप, ही व्याख्या चुकीची नाही, परंतु प्रत्यक्ष लूप लिहायला बसल्यावर तिचा फारसा आधार मिळत नाही, कारण बहुतेक चुका सुरुवात कुठून करायची आणि थांबायचे केव्हा या दोन टोकांवर होतात. म्हणून लूपच्या आतली एकही ओळ लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर ठरवून घ्याव्यात: सुरुवातीला व्हेरिएबलची किंमत काय असेल, कोणती अट खोटी ठरली की लूप थांबेल, आणि दर फेरीला असे काय बदलेल की ज्यामुळे ती अट कधी ना कधी खोटी ठरणारच.

या लेखातील उदाहरणे पायथॉन भाषेतील आहेत. फॉर, व्हाइल, प्रिंट यांसारखे तिचे ठरावीक शब्द येथे उच्चारानुसार देवनागरीत दिले असले तरी संगणकावर ते रोमन लिपीतच टंकावे लागतात, आणि आकडेही इंग्रजी अंकांतच द्यावे लागतात. व्हेरिएबलांची नावे मात्र देवनागरीत ठेवता येतात. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून ही सोय आहे, आणि सरावाच्या काळात तिचा वापर जरूर करावा असे माझे मत आहे.

पायथॉनमध्ये लूप फॉर किंवा व्हाइल या शब्दाने लिहितात. अनेक पुस्तके फॉरपासून सुरुवात करतात. मी व्हाइलपासून करावी असे सुचवीन, कारण फॉरमध्ये वरील तीन गोष्टींपैकी दोन भाषाच सांभाळते आणि त्या नजरेआड राहतात, तर व्हाइलमध्ये तिन्ही आपल्या हाताने लिहाव्या लागतात. एक साधा प्रश्न घेऊ. बँकेत ५०,००० रुपये वार्षिक ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले, तर ते किती वर्षांनी १,००,००० रुपये किंवा त्याहून अधिक होतील? फेऱ्या किती लागतील हे येथे आधी ठाऊक नाही, किंबहुना तेच शोधायचे आहे, आणि अशा ठिकाणी व्हाइलच योग्य ठरतो.

शिल्लक = ५००००
वर्ष = ०
व्हाइल शिल्लक < १०००००:
    शिल्लक = शिल्लक * १.०७
    वर्ष = वर्ष + १
प्रिंट(वर्ष)

हा प्रोग्राम चालवण्याआधी त्याचा ड्राय रन करावा, म्हणजेच संगणक जे करील ते आपण कागदावर ओळीने करून पाहावे. तीन रकाने आखावेत: वर्ष, शिल्लक आणि अट. पहिल्या ओळीत ०, ५०,००० आणि ‘खरी’ असे लिहावे. एका फेरीनंतर वर्ष १ व शिल्लक ५३,५००, दुसऱ्या फेरीनंतर ५७,२४५, तिसऱ्यानंतर ६१,२५२.१५. एवढ्यावरून चाल लक्षात येते, तेव्हा मधल्या फेऱ्या सोडून शेवटाकडे जावे, कारण खरी परीक्षा तेथे असते. दहाव्या वर्षाअखेर शिल्लक सुमारे ९८,३५८ रुपये होते, अट अजून खरीच असते, आणि म्हणून आणखी एक फेरी होते. अकराव्या वर्षाअखेर ती सुमारे १,०५,२४३ रुपये होते, अट खोटी ठरते आणि लूप संपतो. उत्तर ११. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अट प्रत्येक फेरीच्या आरंभी एकदाच तपासली जाते. फेरीच्या मध्येच ती खोटी झाली तरी उरलेल्या ओळी पूर्ण केल्यावरच संगणक तिच्याकडे पुन्हा वळतो.

पायथॉनमध्ये कोणत्या ओळी लूपच्या आत आहेत हे डावीकडे सोडलेल्या जागेवरून ठरते आणि सर्वसाधारणपणे चार स्पेस सोडण्याचा प्रघात आहे. वरच्या प्रोग्रामात ‘वर्ष = वर्ष + १’ ही ओळ डावीकडे सरकवून व्हाइलच्या रेषेत आणली, तर कोणतीही एरर येणार नाही, पण ती ओळ लूप संपल्यानंतर एकदाच चालेल आणि उत्तर १ असे मिळेल. उलट शेवटची प्रिंटची ओळ आत ढकलली, तर १ पासून ११ पर्यंतचे सगळे आकडे छापले जातील. उत्तर विचित्र आले की गणिताचे सूत्र तपासण्याआधी ही डावीकडची जागा तपासावी.

आता याच प्रोग्रामात व्याजाचा दर शून्य धरावा, म्हणजे १.०७ च्या जागी १ लिहावे. शिल्लक दर फेरीला ५०,००० च राहील, अट कधीच खोटी ठरणार नाही आणि लूप अखंड चालू राहील. ‘शिल्लक < १०००००’ ऐवजी ‘शिल्लक १००००० च्या बरोबर नाही’ अशी अट लिहिली तरी तोच परिणाम होतो, कारण शिल्लक एका झेपेत ९८ हजारांवरून १ लाख ५ हजारांवर जाते आणि नेमक्या एक लाखावर कधी थांबतच नाही. अपूर्णांकांशी काम असेल तेथे ‘बरोबर’ किंवा ‘बरोबर नाही’ अशा अटी टाळाव्यात आणि ‘पेक्षा लहान’ किंवा ‘पेक्षा मोठा’ यांचाच आश्रय घ्यावा. असा लूप सुरू झालाच तर कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबून तो थांबवता येतो.

न संपणारा लूप ही केवळ नवशिक्यांची अडचण आहे असे कोणी समजू नये. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे झून नावाचे ३० जीबीचे संगीतवादक जगभर एकाच दिवशी गोठले. त्यातील घड्याळ १९८० पासून लोटलेल्या दिवसांची संख्या घेऊन चालू वर्ष शोधत असे. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर लूप चालू ठेवायचा. वर्ष लीप असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा करून पुढच्या वर्षाकडे जायचे. लीप नसेल तर ३६५ वजा करायचे, अशी ती रचना होती. २००८ हे लीप वर्ष असल्यामुळे त्या दिवशी वजाबाकी होत होत दिवस नेमके ३६६ उरले. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूप चालू. पण ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजाबाकी नाही. काहीच बदलत नसल्याने पुढची फेरीही तशीच, आणि त्यापुढचीही. दुसऱ्या दिवशी संख्या ३६७ झाली आणि अडचण आपोआप मिटली. तिसरा प्रश्न, म्हणजे दर फेरीला काय बदलते हा, लूपमधील प्रत्येक वाटेसाठी स्वतंत्रपणे विचारला असता, तर वजाबाकीविना परतणारी ही एक वाट कागदावरच सापडली असती.

फेऱ्यांची संख्या आधीच ठाऊक असेल तर फॉर वापरावा. १७ चा पाढा असा लिहिता येतो:

फॉर न इन रेंज(१, ११):
    प्रिंट(१७ * न)

पाढा दहापर्यंतच हवा असूनही येथे ११ लिहिले आहेत, कारण रेंजमध्ये पहिली संख्या धरली जाते आणि शेवटची वगळली जाते. १० लिहिले तर पाढा १५३ वर थांबेल आणि १७० येणारच नाही. सुरुवातीला ही पद्धत मनाला पटत नाही, परंतु तिच्यामागे भक्कम कारण आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात दाखवले की खालची मर्यादा धरून वरची वगळली, तर दोन मर्यादांमधील फरक हीच संख्यांची मोजणी ठरते. ११ वजा १ म्हणजे दहा फेऱ्या. आणखी काही मिळवावे वा वजा करावे लागत नाही. शिवाय १ ते ११ यानंतर ११ ते २१ घेतले, तर कोणतीही संख्या गळत नाही किंवा दोनदा येत नाही.

यादीतील आकड्यांची बेरीज करताना बेरजेचे व्हेरिएबल लूपच्या बाहेर, आधी शून्य करावे. ६२, ७१, ५८, ८०, ६९ या गुणांची बेरीज ३४० येते; ‘बेरीज = ०’ ही ओळ चुकून आत गेली तर दर फेरीला पाटी कोरी होते आणि शेवटी फक्त ६९ उरतात. गुणाकार साठवायचा असेल तर सुरुवात १ पासून करावी, हे सांगायला नकोच.

राहिली एक चूक, जी शोधायला फार वेळ लागतो, कारण तिच्यात एरर येत नाही आणि उत्तर पुष्कळदा बरोबरही येते: ज्या यादीवरून लूप फिरत आहे, तिच्यातूनच घटक काढून टाकणे. समजा, ३, ८, ८, ५ या यादीतून सर्व ८ काढायचे आहेत. पायथॉन यादीतील स्थान मोजत पुढे जातो. पहिल्या स्थानावर ३ आहे, तो तसाच राहतो. दुसऱ्या स्थानावरचा ८ काढला की मागचे सगळे घटक एकेक जागा पुढे सरकतात आणि यादी ३, ८, ५ अशी होते. पायथॉन आता तिसऱ्या स्थानाकडे जातो, तेथे त्याला ५ दिसतो, आणि दुसऱ्या स्थानावर येऊन बसलेला ८ कधी तपासलाच जात नाही. यादीत दोन ८ शेजारी नसते तर उत्तर बरोबर आले असते, म्हणून चाचणीसाठी यादी निवडताना सारखे घटक मुद्दाम शेजारी ठेवावेत. उपाय सोपा आहे: मूळ यादीला हात न लावता एक रिकामी यादी घ्यावी आणि लूपमध्ये जे घटक ठेवायचे आहेत तेवढेच तिच्यात भरत जावे.