सारंगखेड्याचा घोडेबाजार : घोडा न घेता कसा बघायचा

"घोड्यातलं काही कळत नाही, मग सारंगखेड्याला जाऊन करू काय?" असं माझी पुण्याची वहिनी विचारते. कळत मलाही नव्हतं. धुळ्यात मामाचा टांगा होता, त्याने पहिल्यांदा नेलं. विकत काही घ्यायचं नव्हतं, नुसतं बघायला. मी अजून तशीच जाते.

हा बाजार भरतो एकमुखी दत्ताच्या यात्रेत, तापीच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात. यात्रा दत्तजयंतीची असल्यामुळे तारीख दरवर्षी सरकते : २०२४ मध्ये जयंती १४ डिसेंबरला आली, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. दर्शन हवं असेल तर जयंतीला जा, घोडे बघायचे असतील तर तो दिवस चुकवा. गर्दीत घोड्याचे कान तेवढे दिसतात. घोडे आधीपासूनच यायला लागतात, म्हणून पंचांग बघून पुढचा-मागचा एखादा साधा वार धरायचा.

रेल्वेने येणाऱ्याने सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचाला उतरावं, पुढे एसटी. सकाळी थंडी चांगलीच असते आणि दुपारी ऊन चटका देतं, तेव्हा स्वेटर पिशवीत मावेल असा घ्या. फुफाट्यासाठी रुमाल. आणि पायात बूट. मी एकदा कोल्हापुरी चपला घालून गेले होते. एका घोडीने अंगठ्यावर पाय दिला, नख होळीपर्यंत काळं होतं. चूक घोडीची नव्हती, मी तिच्या मागून गेले होते.

म्हणून पहिला नियम : मागून जायचं नाही. समोरून, जरा डाव्या अंगाने, तोंडाने काहीतरी बोलत जायचं, म्हणजे तिला माणूस कळतो. कान मागे चिकटवले की तिथेच थांबायचं. हात लावायच्या आधी मालकाला विचारायचं. "कितला भाव शे, भाऊ?" एवढी अहिराणी आली तरी माणूस हसून बोलायला लागतो. भाव लाखांत ऐकाल, चेहरा साधा ठेवा.

आता बघायचं काय? आधी कान. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोकं जवळजवळ एकमेकांना भिडतात. मग रंग. काळा-पांढरा ठिपकेदार तो अबलख. तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपूट असलेला कुमैत. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर पंचकल्याण. पांढऱ्या घोड्याची कातडी गुलाबी असेल तर तो नुकरा. यानंतर भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांचे वळसे. गळ्यावरच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात, तो शुभ. काही भोवरे मात्र इतके अशुभ की त्यांच्यापायी सौदा मोडतो. माझा यावर विश्वास नाही, पण तिथे उभं राहून तसं म्हणायची माझी हिंमतही नाही.

वय दातांवरून. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडी-जोडीने बदलतात. पाचव्या वर्षी तोंड भरतं. जबडा मालकालाच उघडू द्या. आणि दात बघितले की चाल बघा, मामा तर सगळं सोडून चालच बघायचा. घोडा कडक जमिनीवर चालवायला सांगायचा आणि डोक्याकडे बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं. डोळे मिटून टापा ऐकल्या तरी लंगडा घोडा कळतो, असं तो म्हणायचा. मला अजून ते साधलेलं नाही.

बाजेवर, म्हणजे खाटेवर, घोडा नाचवतात तिथे गर्दी फार. एकदा बघा नि निघा. त्यापेक्षा रेवाल चालीचा घोडा शोधा. स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू नये, अशी ती चाल. मी एका रेवाल घोडीमागे अर्धा तास हिंडले आहे.

सौदा होताना दिसला तर लांबूनच बघायचं. रुमालाखाली बोटं दाबून आकडा ठरतो; तोंडं बघून काही कळत नाही. तुम्हालाच मोह झाला, तर ग्लँडर्सच्या (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) तपासणीचा दाखला मागितल्याशिवाय पैशाचं बोलू नका.

दुपारी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. शेवभाजी मागवाल तर ताक आधी मागवा, ही नंदुरबारकडची मिरची आहे. जेवणानंतर सामानाच्या दुकानांत फिरायचं : खोगीर, लगाम, रिकिबी, रंगीत गोंडे, घुंगरमाळा. घोडा नसला तरी घुंगरमाळ घेता येते. माझी स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेली आहे, मांजर गेलं तरी वाजते.

उन्हं उतरली की घोडे पाण्यावर नेतात. ते बघून निघा. पण परतीची शेवटची गाडी कधीची, हे सकाळी उतरल्या उतरल्याच कंडक्टरला विचारून ठेवा. संध्याकाळी विचारलं तर ती गेलेली असते.