सोलापुरात प्लॉट घेताय? टोकन द्यायच्या आधी हे बघा

जुळे सोलापूर म्हणा नाहीतर होटगी रोड, एजंट आधी रेट सांगतो, पण तुम्ही आधी सातबारा मागा. सिटी सर्व्हेतली जागा असंल तर प्रॉपर्टी कार्ड. सातबाऱ्यावर नुसतं मालकाचं नाव वाचून खुश होऊ नका, खाली 'इतर हक्क' बघा, बँकेचा बोजा, कुळ (दुसऱ्याची जमीन कसणारा), मालकाच्या बहिणींची नावं सगळं तिथंच लपलेलं असतंय. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन) दिसलं तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, सरळ चहा पिऊन घरी या. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेचे जुने व्यवहार नि बोजे तपासलेला अहवाल) काढा, तिथं पैसे वाचवू नका.

आता लोन. ३० लाखापर्यंतच्या होम लोनला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते, त्यापुढं ७५ लाखापर्यंत ८० टक्के. स्टँप ड्युटी नि रजिस्ट्रेशनचे पैसे सहसा खिशातूनच जातात, ते वेगळे धरा. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट आहे, वहिनींना विचारा की ओ.

आणि माझी चूक करू नका. भावाच्या फ्लॅटला मी को-बॉरोअर (सहकर्जदार) झालो, चार वर्षं दर ५ तारखेला अर्धा हप्ता माझ्या खात्यातून, पण खरेदीखतात नाव फक्त त्याचंच. म्हणजे कर्जदार मी, मालक तो! इन्कम टॅक्सची सूटपण मिळाली नाही. हप्ता भरणार असाल तर खरेदीखतात नाव घाला, हिस्सा किती टक्के तेपण लिहून घ्या, भाऊ असला तरी.